नांदायला येण्याचा हुकूम

माझा धाकटा भाऊ रंगारी आहे. लोकांच्या भिंती अशा गुळगुळीत करतो की येणारा-जाणारा हात फिरवून बघतो. आणि स्वतःच्या घरात? तोंडाला कुलूप! कामावरून यायचं, हातावरचा रंग पुसायचा, जेवायचं, झोपायचं. दारू नाही, मारझोड नाही, पण शब्दही नाही. भावजय मला म्हणायची, "वन्सं, दिवसभर मला माझाच आवाज ऐकू येतो." मी त्याचे कान उपटले की तो मान हलवायचा, बस्स. एका सकाळी तिनं बॅग भरली आणि बहिणीकडे निघून गेली.

"जा, घेऊन ये तिला," मी म्हणाले.

"वाळू दे जरा, ताई. ओल्यावर हात लावला की बिघडतं."

अरे, बायको आहे का भिंत! पण रंगाऱ्यांची सवयच ती, रंगाचा एक हात दिला की तो वाळेपर्यंत थांबायचं. हा महिनोन् महिने थांबला. मग कोणीतरी याच्या डोक्यात कोर्टाचं भरवलं.

वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. बायको काही कारण नसताना सोडून गेली असेल, तर तिनं नांदायला यावं म्हणून दावा लावता येतो. लग्न न मोडता वेगळं राहायचं असेल, तर तसाही हुकूम मिळू शकतो. आणि सोडून गेल्याला दोन वर्षं झाली, की घटस्फोट मागता येतो.

"मला ती घरी हवीय," हा म्हणाला.

"मग आधी तिला भेटा तरी."

"कोर्टाचं ऐकेल ती."

दावा लागला. भावजय एकाही तारखेला आली नाही, आणि निकाल एकतर्फी याच्या बाजूनं लागला. तिनं याच्याकडे नांदायला यावं असा हुकूम झाला. याला स्वर्ग दोन बोटं उरला! कामावर सुट्टी टाकून यानं पहिल्यांदा स्वतःचं घर रंगवलं. फिकट पिवळं, तिला आवडायचं तसं. एका संध्याकाळी मी गेले तर दोघांपुरता स्वयंपाक करून एकटाच बसलेला.

"कोणी येणार आहे का रे?"

"हुकूम झालाय ना, ताई. आणून सोडतील तिला."

मी कपाळावर हात मारला. याला वाटत होतं, कोर्टाचा माणूस बायकोला हाताला धरून दारात उभं करणार! मी तशीच वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "कोर्ट हुकूम देतं, माणूस उचलून आणत नाही. आणि वर्षभर दोघं एकत्र आली नाहीत, तर त्याच हुकमावर घटस्फोट मागता येतो. दोघांपैकी कोणालाही."

हे सगळं मी त्याच्यापुढे ओतलं, शपथ घातली, भांडले. म्हटलं, उद्याच्या उद्या जा. "निकाल माझ्या बाजूनं लागलाय, मग मीच कसा जाऊ?" म्हणाला. नाहीच गेला. रोज दिवेलागणीला दार उघडं टाकून बसायचा.

वर्ष सरलं आणि समन्स आलं. घटस्फोटाचा अर्ज भावजयीचा होता.

सुनावणीआधी समुपदेशक बाईंनी दोघांना एका खोलीत बसवलं. मीही कोपऱ्यात होते.

मग हा म्हणाला, "घर रंगवलंय. पिवळं. चल ना घरी."

भावजयीचे डोळे भरून आले. "निकाल कळला तेव्हा वाटलं, आता तरी न्यायला याल. बहिणीकडे दार वाजलं की मीच उठायचे. वर्षभर उठले."

"मला वाटलं, तुला आणतील."

"कोण आणणार होतं हो मला?"

समुपदेशक बाई म्हणाल्या, अजूनही विचार बदलता येईल. भावजयीनं पदरानं तोंड पुसलं. "नको. आता मला वाट बघवत नाही," म्हणाली. मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटला आणि दोघांना जवळ घेऊन रडावंसंही वाटलं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

हा उभा राहिला. न्यायाधीशांकडे न बघता तिच्याकडे वळला आणि भर कोर्टात म्हणाला, "मी यायला हवं होतं."

ती खाली मान घालून बसली होती. न्यायाधीशांनी घटस्फोट मंजूर केला आणि शिपायानं पुढच्या खटल्याचा पुकारा केला.