सर्व्हर रूमचा उंबरा

"तू बाहेर थांब. पूजा होऊ दे, मग ये," साहेब म्हणाले.

मी दारात चप्पल काढत होते. आमच्या पतसंस्थेच्या लातूर कार्यालयात खंडेनवमीला सर्व्हरची पूजा असते. शेतकरी अवजारं पुजतो, आम्ही मशीन पुजतो. आत आमचे मॅनेजर साहेब, गुरुजी आणि वायरमन रफीकभाई. गर्दी म्हणून थांबवलं असेल, असं मला वाटलं. मग साहेब गुरुजींना म्हणाले. हळूच, पण मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं.

"भोकरकडची हाय. त्यांच्यातली. आज तिचा हात नको."

रफीकभाईंचा हात चालला. माझा चालला नाही. ही रूम मी उभी केली होती. रॅक मी बसवला, वायर अन् वायर मी ओढली. तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता. अंगाचा नुसता जाळ झाला.

माझं काम काय, ते सांगते. आमच्याकडे लोखंडाचे सर्व्हर दोनच. पण त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरचे कितीतरी सर्व्हर चालतात. एक खात्यांचा, एक कर्जांचा, असे. सगळ्यांचा डेटा मात्र वेगळ्या स्टोरेजमध्ये, डिस्कांच्या पेटीत. तिथं जायला प्रत्येक लोखंडी सर्व्हरला फायबरचं एकच पोर्ट, म्हणजे वायर खोचायचं एकच भोक. त्या एका पोर्टवर मी पोटातल्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःचं आभासी पोर्ट दिलं, स्वतःचं नाव दिलं. नाव बघून स्टोरेज ज्याची त्याची डिस्क उघडतं, दुसऱ्याची नाही. सर्व्हर इकडून तिकडं हलवला तरी नाव त्याच्यासोबत जातं. सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या मधल्या स्विचवर मात्र ही सोय पोर्टागणिक चालू करावी लागते. मी ती वापरातल्या पोर्टांनाच केली होती.

स्विचवर झेंडूचा हार नीट बसेना. मध्ये फायबरच्या वायरी येत होत्या. साहेबांनी दोन्ही उपसल्या, हार अडकवला आणि वायरी शेजारच्या रिकाम्या भोकांत खुपसल्या.

"साहेब, तिथं नका लावू!" मी दारातून ओरडले.

"पूजेत बोलू नये," गुरुजी म्हणाले.

शाखा उघडल्या. उदगीरचा फोन, जळकोटचा फोन. खाती उघडेनात. नव्या भोकांवर ती सोय बंद होती; स्विचनं लोखंडी सर्व्हर ओळखले, पोटातला एकही आत घेतला नाही. मग नांदेडच्या मुख्य कार्यालयाचा फोन आला. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

"सांग, तुझ्याकडून वायर निघाली म्हणून. नवी पोरगी म्हणून सोडून देतील."

चोर तो चोर, वर शिरजोर. रफीकभाई माझ्याजवळ आले. "बाई, हौ म्हणून टाका. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" माणूस वाईट नाही. आयुष्यभर त्यांनी असंच निभावलंय.

पण हो म्हटलं असतं तर या कामातलं माझं नाव कायमचं बुडालं असतं. 'त्यांच्यातलीला मशीन कुठं कळतंय' हे म्हणायला लोक टपलेलेच असतात. मी साहेबांचा हात बाजूला सारला.

"वायर साहेबांनी काढली. मी दाराबाहेर होते. माझी जात काढून मला बाहेर ठेवलं."

 पलीकडून उत्तर आलं, "ते नंतर बघू. आधी चालू करा."

नंतर बघू. आमच्या पिढ्या या 'नंतर'च्या वाटेकडं डोळे लावून मेल्या.

मी आत गेले. पेन्शनवाली म्हातारी माणसं शाखांत खोळंबली होती, त्यांचा काय दोष? हार ओढून खाली टाकला. वायरी होत्या तिथं लावल्या. सर्व्हर उठले.

साहेब हसले. "झालं ना? इसरून जा आता." प्रसादाचा पेढा त्यांनी माझ्या तळहातावर वरून टाकायला धरला. बोट लागू नये म्हणून इतका वर. मी हात मागं घेतला. पेढा फरशीवर पडला.

तशीच पोलीस ठाण्यात गेले. ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली.

आता रोज कुणीतरी समजूत घालायला येतं. साहेबांच्या मुली लग्नाच्या आहेत, म्हणतात. बदली करतो म्हणतात, बढती देतो म्हणतात. मला तुमची बढती नको, तुमची दयाही नको. रफीकभाई साक्षीला येतील की नाही, ठाऊक नाही. नाही आले तर मी एकटी उभी राहीन. नोकरी जाईल, जाऊ दे. फिर्याद मागं घेणार नाही.