सैल भरलेली कांडी

आमच्या कामतघरच्या घरात पाण्याच्या फिल्टरची कार्ट्रिज मीच बदलतो. पोकळ नळीवर पांढरा दोरा गुंडाळलेली असते ती. नळाच्या गाळाने तपकिरी झाली की काढून नवी बसवायची.

परवा नवी कार्ट्रिज ओट्यावर ठेवून मी टाकीचा कॉक बंद करायला गच्चीवर गेलो. खाली आलो तर आई जमिनीवर बसून त्या कार्ट्रिजचा दोरा उलगडत होती. आईने उभी हयात लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरलं. आता तिला फारसं आठवत नाही. तिच्या मांडीवरचा गुंता पाहून मी ओरडलो, "आई, काय करून ठेवलंस हे!"

तिचे हात थांबले. "लई सैल हाय रे," ती हळूच म्हणाली. "माझ्या हातून अशी कांडी कधी गेली न्हाय. आता मालक काय म्हनंल?"

माझ्या ओरडण्याने तिला वाटलं, ती सैल कांडी तिनेच भरली. तिला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि नेमका तोच मी दुखावला होता. लाज वाटून मी तिच्यासमोर बसलो.

"तुझी न्हाय ती, आई. मी भरली."

"तरीच!" तिचा चेहरा खुलला. "एवढा शिकला, पन हात लाकडाचाच. धर टोक. ढिलं सोडशील तर बघ."

मी टोक धरलं. तरी तिने माझ्या हातावर एक चापट मारली आणि मग दोरा ताणून भरायला लागली.