जावयाने आवळलेले ब्रेक
सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या ट्रकमध्ये एकच दोष होता आणि तो मी दूर केला.

ब्रेकचं पेडल दाबलं की सुरुवातीला बोटभर नुसतंच खाली जायचं. एरवी त्या ट्रकमधून दापोऱ्याची केळी जातात, पण त्या दिवशी मेहुण्याच्या लग्नाचं वऱ्हाड नवरीच्या गावी, जसोंडीला निघणार होतं. पोकळ पेडलवर माझं अख्खं सासर! माझी तर झोपच उडाली. (मी शाळेत भूगोल शिकवतो, पण मोबाइलवर ब्रेकचा अर्धा व्हिडिओ पाहिला होता.) सकाळीच पाना घेऊन पेडलच्या दांड्याचा नट आवळला. पोकळी गेली, पेडल घट्ट झालं.

"पुढच्या चाकांच्या ब्रेकची ऑइलची नळी वेगळी, मागच्यांची वेगळी," मी बायकोला समजावलं. "एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते."

"आणि दोन्ही फुटल्या तर?"

झालं! मग केबिनमध्ये सासऱ्यांशेजारी बसून मी प्रत्येक वळणाला पायाखालचा पत्रा दाबत राहिलो.

"मामा, जरा हळू."

"जावईबापू, मी कुठं पळवून राहिलो? गाडीलेच जोर नाही."

मला फार बरं वाटलं. मग जळका वास आला, चाकांतून धूर निघाला आणि ट्रक भर रस्त्यात उभा राहिला. मुहूर्त जवळ आला होता आणि नवरीच्या वडिलांचे फोनवर फोन येत होते.

"उतरा सगळे, धक्का द्या," गाडी न्यूट्रलला टाकून खाली उतरत सासऱ्यांनी फर्मावलं. अख्खं वऱ्हाड लागलं. नवरदेवही शेरवानीच्या बाह्या सारून लागला. ट्रक तसूभर हलेना.

"तुम्ही सकाळी काय करत होतात?" बायकोने हळूच विचारलं.

मी आडोशाला जाऊन उरलेला अर्धा व्हिडिओ पाहिला. ती बोटभर पोकळी मुद्दाम ठेवतात, नाहीतर पाय काढल्यावर ऑइल परतत नाही आणि सगळे ब्रेक आपोआप आवळत जातात! मी गुपचूप रिकाम्या केबिनमध्ये शिरलो आणि नट सैल केला.

गुपचूप करायला नको होतं. ट्रक एकदम सुटला आणि मागून जीव खाऊन ढकलणारं वऱ्हाड नवरदेवासकट धुळीत आडवं झालं.

मुहूर्त कसाबसा गाठला. मांडवाच्या दारात नवरीचे वडील नवरदेवाकडे बघतच राहिले.

"हे काय झालं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे जावई. ब्रेक यायनंच दुरुस्त केले."

नवरीच्या वडिलांनी मला नीट न्याहाळलं. मग आपल्या नव्या जावयाच्या खांद्यांवरची धूळ झटकत काकुळतीने म्हणाले, "जावईबापू, आमच्या घरी काही बिघडलं, तर बिघडू द्या."