पात्यांवरचं खोबरेल

आमच्या घरात कुठल्याही लोखंडाला खोबरेल लावायची पद्धत. विळी पुसून ठेवताना, शिवणयंत्राच्या चाकाला, कपाटाच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला, सगळ्याला एकच औषध. नागपुरात ते चालतं. इंग्लंडात, लीड्सला, माझी खोबरेलाची बाटली सप्टेंबरपासून मेपर्यंत रेडिएटरवर उभी असायची. हे रोज डोळ्यांनी बघूनसुद्धा मी स्कॉटलंडमध्ये गिरमिटाच्या पात्यांना खोबरेलच चोळलं.

गिरमिट म्हणजे बर्फात भोक पाडायचं. कमरेएवढा मळसूत्री दांडा, वर फिरवायची मूठ आणि खाली दोन धारदार पाती. ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या टीम लीडचं होतं. हा स्कॉटिश गृहस्थ काही वर्षं कॅनडात राहिला होता आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचं वेड तिथून घेऊन आला होता. ब्रिटनमध्ये ते वेड एरवी भागत नाही. पण २००९ संपता संपता जी थंडी पडली ती हलेचना, आणि हायलँड्समध्ये त्याच्या वडिलांच्या कॉटेजमागचं तळं वीतभर गोठलं. जानेवारीत त्याने आम्हा दोघांना वीकेंडला बोलावलं.

मी खुशीत गेले. विलायतेतला माझा तो शेवटचा हिवाळा होता. लग्न करून इथे आलो तेव्हाच ठरलं होतं, पाच वर्षं राहायचं आणि परत जायचं. बाबा गेल्यापासून आई नागपूरच्या घरात एकटी होती. जूनमध्ये कायमचे येतोय, हे नवऱ्याने स्वतः तिला फोनवर सांगितलं होतं. तिने वरची खोली रंगवून घेतली. दर रविवारी मला विचारायची, कूलर कुठल्या खिडकीत बसवू म्हणून.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा गिरमिट बाहेर शेडमध्ये टांगलेलं होतं. एवढं चांगलं हत्यार गारठ्यात कशाला, म्हणून मी ते उचलून स्वयंपाकघरात आणलं, शेगडीशेजारी उभं केलं. केसांसाठी आणलेलं खोबरेल वितळवलं आणि दोन्ही पात्यांना मन लावून चोळलं. यजमान आणि नवरा बाहेरच्या खोलीत गप्पा मारत होते. कुणी मला सांगितलं नव्हतं, आपलं माझंच शहाणपण.

रविवारी सकाळी पहिलं भोक कसंबसं पडलं. दुसऱ्याला गिरमिट नुसतं बर्फावरून घसरायला लागलं. उलटं करून बघितलं तर पात्यांवर खोबरेलाचा पांढरा थर, आणि त्यावर बर्फाचं टणक कवच. उबदार पात्यांवर बर्फाचा भुगा वितळला होता आणि तिथेच पुन्हा गोठला होता. यजमान पोट धरून हसला. मीही हसले. ते कवच पाडायला मी गिरमिट बर्फावर आपटणार, तेवढ्यात नवऱ्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

आपटलं की धार जाते, असं म्हणत त्याने पाती पहिल्या भोकातल्या पाण्यात बुडवून धरली. हवेपेक्षा पाणी गरम असतं म्हणे. कवच सुटल्यावर त्याने गिरमिट गरगर फिरवत वर काढलं, जोरात झटकलं, खिशातल्या कोरड्या फडक्याने पाती पुसली आणि दुसऱ्या खिशातून एक छोटी बाटली काढून तेलाचा पातळ हात फिरवला. मी बघतच राहिले. घरी हा माणूस बल्ब बदलायलाही माझी वाट बघतो.

"खोबरेल थिजतं गं," तो म्हणाला. "गेल्या वेळी आम्ही रेपसीडचं तेल लावलं होतं, इथल्या मोहरीचं. दिवसभर गोठलं नाही."

"गेल्या वेळी कधी?"

तो खाली वाकून पुन्हा पाती पुसायला लागला. ती आधीच पुसून झाली होती. आदल्या वीकेंडला तो लंडनला क्लायंटकडे गेला होता, निदान मला तसं सांगून गेला होता. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला मला फार वेळ लागला नाही, आणि उरलेलं यजमानाने सांगून टाकलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! आदल्याच आठवड्यात इथे, या तळ्यावर, त्यांचं पक्कं झालं होतं, तो मोठ्या आनंदाने म्हणाला. नवऱ्याने लीड्समधली नवी पोस्ट घेतली होती, आणखी तीन वर्षांसाठी. तुम्ही दोघं राहताय याचा मला फार आनंद आहे, असं म्हणून त्याने माझा हात हातात घेऊन दाबला.

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी तिकडे घरून पडद्यांची मापं मागवत होते, आणि इकडे एका परक्या माणसाला माझं पुढचं आयुष्य माझ्याआधी माहीत होतं.

नवरा मराठीत पुटपुटला की योग्य वेळी सांगणारच होतो. मी म्हटलं, आज रविवार आहे. आईच्या फोनची वेळ झालीय. योग्य वेळ हीच.

कॉटेजमधल्या फोनवरून कॉलिंग कार्डाचे आकडे मीच दाबले आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. म्हटलं, येतो असं तू सांगितलं होतंस, येत नाही हेही तूच सांग.

त्याने तब्येत विचारली, गुडघे विचारले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, जूनचं जरा लांबलंय. मी तयार आहे हो, पण हिचा जीव इथे रमलाय. सोडवत नाही तिला. तुम्हाला सांगायला संकोचते."

मी रिसीव्हर ओढून घेतला. "आई, खोटं आहे हे. मला काहीच माहीत नव्हतं. याने मला न सांगता इथली नोकरी घेतलीय."

मी लहानपणी काही फोडलं की आई ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात म्हणाली, "आवडतं तर राहा ना बाई तिकडे. मी कुठे अडवलं? पण जावयावर ढकलू नको. ते बिचारे किती सांभाळून घेत होते तुला."