सरोवराकाठची सिस्टर

"आधी चहा घेऊ, मग रडू."

हे तिचं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चक्क राग आलेला. माझी आई न्हाणीघरात पडली होती आणि तिला उठता येत नव्हतं. मी धावत जाऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे नवीनच राहायला आलेली ही मुलगी, पेशाने नर्स. तिने आईला तपासलं, हलवू नका म्हणाली, पायाखाली उशी सरकवली, अॅम्ब्युलन्सला फोन केला आणि मग माझ्याकडे वळून हे वाक्य बोलली.

"चहा सुचतोय तुला?" मी म्हटलं.

"गाडी यायला वेळ आहे, मावशी. तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. हॉस्पिटलात दिवसभर उभं राहायचंय."

माझ्याच स्वयंपाकघरात तिने मला न विचारता चहा केला. साखर भरपूर. मी तो प्यायले आणि रडायचं राहूनच गेलं.

वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिला नावाने कोणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची सिस्टर. ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात नोकरी करायची. नवरा पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, पण चर्चला इमारत नव्हती. दर रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन त्यांची उपासना चाले. पास्टर उंच, शांत आणि कमालीचे विसराळू. बायबल विसरायचे नाहीत, पण छत्री, चष्मा आणि एकदा तर उपासनेसाठी आणलेली बाजाची पेटी रिक्षात विसरून आलेले. त्यांची मुलगी करुणा तेव्हा नुकती चालायला लागलेली. जिना चढताना ती प्रत्येक पायरीला "सलाम" म्हणायची, कारण घरी येणारी चर्चची माणसं नमस्काराऐवजी तोच शब्द बोलताना तिने ऐकला होता.

कमरेचं ऑपरेशन झाल्यावर माझी आई घरात अडकली. आम्ही कोलशेतचे कोळी, तिला मी आय म्हणायचे. खाडीवर आयुष्य काढलेल्या बाईला तिसऱ्या मजल्यावर दिवसभर भिंती बघत बसायचं म्हणजे शिक्षाच. सिस्टर ड्युटीवरून आली की आधी तिच्याकडे डोकवायची. आयने तिला सुकट शिकवायला घेतली. बाजारातली पुडी सिस्टरला माहीत होती, पण मासळी वाळवायची कशी, निवडायची कशी, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. दोघी गॅलरीत सूप घेऊन बसायच्या.

"नीट निवड गो," आय म्हणायची, "वालू ऱ्हाली त दातान येल."

वास खालपर्यंत जायचा. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा तक्रार घेऊन वर आले. सिस्टरने त्यांना बसवलं, सुकटीची चटणी आणि गरम भाकरी पुढे केली. त्यांनी ती खाल्ली आणि तक्रार कुठल्या मजल्याबद्दल होती ते त्यांना आठवेना.

मग एके दिवशी तिने सांगितलं की ते टांझानियाला चालले आहेत. व्हिक्टोरिया नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठच्या एका गावात मिशनचा छोटा दवाखाना होता आणि त्याला नर्स हवी होती. गावातल्या चर्चला पाळकही हवा होता. कोपरला राहणाऱ्या तिच्या सासूबाईंनी ही बातमी ऐकून चार दिवस मुलाशी अबोला धरला. आयने मात्र एवढंच विचारलं, "ती आफ्रिका कुठं आली?"

"समुद्राच्या पलीकडे," मी म्हटलं.

"म्हंजे आपले समोरच हाय की गो," आय म्हणाली आणि सुकटीचा डबा बांधायला लागली.

ते गेले. तिकडे तिला मुलगा झाला. इकडे आय गेली. मी शाळेतून निवृत्त झाले. दर रविवारी फोन यायचा, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी ती म्हणायची, "मावशी, या ना एकदा." जवळची माणसं असं म्हणतात आणि आपण बघू म्हणतो, तुम्हीही म्हणाला असाल. पण मग एक दिवस तिच्या सासूबाईंनी मला घरी बोलावलं. पोहे दिले, आणि म्हणाल्या, "तुम्ही जाच. तुमचं ती ऐकते. पोरांना घेऊन परत या म्हणावं. इथे काय कमी आहे?"

तर मी अशी कामगिरीवर गेले. सामानात मेतकूट, गूळ, करुणासाठी मराठी गोष्टींची पुस्तकं आणि सासूबाईंचा निरोप.

गाव म्हणजे पाण्याच्या काठाला मोठमोठ्या गोल शिळा आणि त्यांच्या मधून मधून घरं. त्यांचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, पुढे आंब्याचं झाड. सकाळी मी उठायच्या आत दवाखान्यापुढे बायका पोरांना पाठीला बांधून बसलेल्या असत. पास्टर मोटरसायकलवरून आजूबाजूच्या वाड्यांवर जात आणि येताना कोणीतरी दिलेली कोंबडी मागे बांधून आणत. ती कोंबडी कोणी दिली हे ते हमखास विसरत, त्यामुळे आभार मानायला सिस्टरला सगळीकडे फिरावं लागे. करुणा आता मोठी झालेली, गावच्या शाळेत जायची, आणि झाडाखाली भावाला मराठी शिकवायची. भावाचं नाव बराका. बराका म्हणजे आशीर्वाद. तो मराठी बोलायचा, पण रागावला की स्वाहिलीत.

तिथे बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात आणि आईला म्हणतात मामा. त्यामुळे आमची सिस्टर तिथे मामा करुणा झालेली. मला सगळे बीबी म्हणू लागले. बीबी म्हणजे आजी, हे मला माहीत होईपर्यंत मी प्रत्येक हाकेला दचकायचे. पण चहाला ते चायच म्हणतात आणि चपातीला चपाती, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझं उपाशी राहणं टळलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती मला काठावर घेऊन गेली. बघते तर वाळूवर लांबच लांब चांदीसारखी मासळी पसरलेली, बोटभर लांबीची. तिला ते डागा म्हणतात. बायका रांगेने बसून निवडत होत्या. वास आला आणि मला आमचं कोलशेत आठवलं.

सिस्टर सांगू लागली, "पहिले काही महिने या बायका माझ्याशी नीट बोलतच नव्हत्या. दवाखान्यात यायच्या, औषध घ्यायच्या, जायच्या. मान द्यायच्या, पण लांबून. मला फार एकटं वाटायचं, मावशी. मग एकदा मी इथे आले, काही बोलले नाही, नुसती बसले आणि निवडायला लागले. माझी डोकी मोडायची पद्धत बघून सगळ्या हसल्या. कोणी शिकवलं विचारलं. मी म्हटलं, माझ्या आजीने."

एक वयस्क बाई उठून माझ्याजवळ आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं.

"त्या आजीची मुलगी तूच का, असं विचारतायत," सिस्टर म्हणाली.

मी मान हलवली. आय जाऊन वर्ष उलटलं होतं. तिला ओळखणारं माणूस मला असं कुठे भेटेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मीही त्यांच्यात बसले आणि ऊन चढेपर्यंत मासळी निवडली. सासूबाईंचा निरोप त्या दिवशी सांगायचा राहिला.

पुढच्या आठवड्यात करुणाला ताप भरला. मलेरियाच. तिथे तो सर्दीसारखा घरोघरी येतो, पण सगळ्यांचा जातोच असं नाही. त्याच वेळी नीमा नावाच्या एका तरुण बाईने तिचं तान्हं बाळ दवाखान्यात आणलं. तिचं गाव लांब होतं आणि यायला उशीर झाला होता. सिस्टर दोन खाटांमध्ये ये-जा करत राहिली. एका खाटेवर आपली मुलगी, दुसऱ्यावर नीमाचं बाळ. पास्टर करुणाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते, आणि मी बराकाला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं. संध्याकाळपर्यंत करुणाचा ताप उतरला आणि तिने मेतकूट भात मागितला.

सिस्टरने बाळाला स्वतः अंघोळ घातली. नीमाच्या घरच्यांना चहा करून दिला. पास्टर त्यांच्याबरोबर दफनाला गेले. हे सगळं करताना तिचा चेहरा तसाच होता, आय पडली त्या वेळी होता तसा. मला वाटलं, हिच्या त्या वाक्यातलं "मग" कधी येतच नाही बहुतेक.

दोन दिवसांनी सकाळी ती डाळ शिजायला लावत होती. कुकरला वाफच धरेना. तिने झाकण काढलं, तर रिंग तुटलेली. ठाण्याहून आणलेला कुकर, तशी रिंग तिथे मिळायची नाही. ती रिंग हातात घेऊन बाहेर पायरीवर बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी. करुणा घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"अगं, रिंगच आहे," मी म्हटलं, "पातेल्यात शिजवू."

"तिचं गेलं, मावशी," ती म्हणाली. "तिचं गेलं आणि माझी राहिली. एकच ताप, एकच औषध. मी तिच्यासमोर उभी कशी राहू?"

मी आत जाऊन चहा टाकला. साखर भरपूर घातली. बाहेर आले तर अंगणात नीमा उभी. अंगावर काळा खांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते कापड, हातात केळीच्या पानात गुंडाळलेली मासळी. एवढ्या लांबून ती चालत आली होती. तिने सिस्टरला रडताना पाहिलं. जवळ येऊन बसली. "पोले," म्हणाली. दुसऱ्याच्या दुःखात तिथे हा शब्द म्हणतात. मग तिने करुणाला जवळ बोलावलं, तिच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं आणि ते पान तिच्या हातात ठेवलं.

आम्ही तिघी पायरीवर बसून चहा प्यायलो. नीमा गेल्यावर सिस्टरने तोंड धुतलं, पदर नव्हता म्हणून बाहीलाच पुसलं, आणि म्हणाली, "सासूबाईंनी पाठवलंय ना तुम्हाला?"

"तुला कसं कळलं?"

"मेतकूट त्यांच्या हातचं आहे. आणि तुम्ही रोज काहीतरी बोलायला तोंड उघडता आणि मिटता."

"मग? येतेस?"

तिने रिकामे कप गोळा केले. "मला ठाणं आठवतं," ती म्हणाली. "रोज आठवतं. पण इथून निघायचं म्हटलं की पाय निघत नाही. त्यांना सांगा, आम्ही सुखात आहोत. खोटं नाही सांगत. आजचा दिवस बघून त्यांना उगाच काही सांगू नका."

मी परत आले तशी थेट कोपरला गेले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी एकटी आलेली पाहून त्या आत जाऊन भाजी निवडायला बसल्या. मी मात्र त्यांना सगळं सांगितलं, तापाचं, बाळाचं, नीमाचं आणि कुकरचंही. लपवलं असतं तर त्यांच्या सुनेला त्यांनी कधी ओळखलंच नसतं. त्या ऐकत होत्या, भाजी निवडायची थांबून.

"रिंगेसाठी रडली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वेडी आहे," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी परत या म्हणून निरोप पाठवला नाही. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून त्यांनी कुकरच्या रिंगा आणल्या होत्या, एवढ्या की दुकानदाराने विचारलं, आजी, हॉटेल काढताय का. शिट्ट्या आणल्या होत्या, व्हॉल्व्ह आणले होते. पार्सल कसं करायचं ते विचारत होत्या. मी गेले तेव्हा त्या प्रत्येक रिंग वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर सुट्टीवर आली, दोन्ही मुलांना घेऊन. सासूबाईंकडे राहिली, माझ्याकडे राहिली, वर्तकनगरच्या ओळखीच्या प्रत्येक घरी जाऊन आली. बराकाने आमच्या सेक्रेटरींना स्वाहिली शिव्या शिकवल्या, त्या सेक्रेटरींना शुभेच्छा वाटल्या. आणि सुट्टी संपल्यावर ते गेले. समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक आयटीवालं जोडपं राहतं. चांगली आहेत बिचारी, पण दिवसभर घरात नसतात.

मागच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. व्हिडिओवर तिचा चेहरा, मागे आंब्याचं झाड. दोन शब्द बोलली असेल नसेल, तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली. "थांबा हं मावशी," म्हणून तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि बंद करायचं विसरली. पास्टरांची संगत, दुसरं काय.

मला नुसतं निळं कापड दिसत होतं, हलणारं. पण ऐकू सगळं येत होतं. तिच्या चपला, कोंबड्या, एका मुलाचं रडणं, तिचं त्या भाषेतलं भराभर बोलणं. मग पाणी खळबळल्याचा आवाज आला. मूल रडायचं थांबलं. बायका हसल्या आणि त्यांच्यात ती हसली, मोठ्याने. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. मी फोन मेथीच्या जुडीला टेकवून उभा केला आणि पानं खुडत ऐकत बसले.