हिरवा करंट

नाहूरच्या आमच्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी त्याला हळदकुंकू लावलं. मी चिडले. म्हटलं, बाबा, ते हवा आत ओढतं, कुंकू आत गेलं तर वाट लागेल. त्यांनी मुकाट फडक्याने पुसून काढलं आणि माझी पाठ वळल्यावर, जिथून हवा जात नाही अशा कडेला, परत एक बोट लावलं. अशा माणसाशी भांडून काय उपयोग?

आईची फुफ्फुसं आटली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. बाई कधी तपकिरीच्याही वाटेला गेली नाही. अर्धं आयुष्य गावच्या चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेलं आणि उरलेलं इथल्या हवेत. आता आमच्या चारी बाजूंना जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव काढावं एवढी धूळ. म्हणून खिडक्या बंद, आईच्या नाकात नळी आणि मशीन दिवसरात्र चालू. आम्हा तिघांना एकच गोष्ट हवी होती, तिला दोन श्वास सुखाने घेता यावेत. आणि ती सोडून बाकी सगळं आम्हाला करता येत होतं.

मी अंधेरीला एका ऑफिसात पगाराचं काम बघते. तिथे एकदा एक मुलगी हिरव्या विजेबद्दल सांगायला आली होती. अशा कार्यक्रमांत मी सहसा समोसा खाऊन मागच्या मागे सटकते, पण त्या दिवशी बसले. ती सांगत होती, की वीज कंपनीला कळवलं आणि युनिटमागे थोडे जास्त पैसे भरले की आपण वापरू तेवढी वीज कंपनी वाऱ्यावरच्या नाहीतर उन्हावरच्या प्रकल्पांकडून घेते आणि तसं प्रमाणपत्र देते. मागणी वाढली की नवे प्रकल्प उभे राहतात, कोळसा तेवढा कमी जळतो. काही ठिकाणी त्याच पैशातून आसपासच्या माळांवर झाडं लागतात, पाणी अडवलं जातं. मी विचारलं, म्हणजे माझ्या घरात वेगळी वीज येणार का? ती म्हणाली, नाही, तारा त्याच आणि वीजही सगळ्यांची एकत्रच मिसळलेली. बदलतं ते एवढंच, की तुमचे पैसे कुठल्या विजेला जातात.

माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. आईचं मशीन दिवसभर वीज खातं. म्हणजे तिला श्वास मिळावा म्हणून कुठेतरी कोळसा जळतो आणि त्याचा धूर तिच्यासारख्याच कोणाच्या तरी छातीत जातो. हे एकदा सुचलं आणि मग काही केल्या जाईना. घरी येऊन मी मोबाइलवरूनच कंपनीला कळवून टाकलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून चालू होईल, असा मेसेज आला.

बाबांना मी सगळं नीट समजावलं होतं. तारा त्याच, वीज तीच, पैसे वेगळीकडे. पण त्यांनी त्यातलं "धूर नाही" एवढंच उचललं. गिरणीत उमेदीची वर्षं गेली, पुढे मुलुंडच्या कारखान्यात गेली. मशीन कशावर चालतं यावर मशीनचा स्वभाव ठरतो, असं त्यांचं ठाम मत. वाऱ्याच्या करंटवर चाललेलं मशीन आईला वाराच देणार, आणि इतके दिवस ते कोळशावर चालत होतं म्हणूनच तिला आराम पडत नव्हता, असा त्यांनी हिशेब मांडला. मी हात टेकले. आईला म्हटलं, तू तरी सांग. ती नुसती हसली, कारण हसायला बोलण्यापेक्षा कमी दम लागतो.

एक तारखेला रविवार होता. मी सकाळी भाजी आणायला खाली गेले होते. परत आले तर जिन्याखाली मीटरच्या खोलीसमोर बाबा डोक्याला टोपी घालून उभे. पुढ्यात नारळ, अगरबत्ती, शेजारी दुसऱ्या मजल्यावरचे देवगडचे काका. बाबांनी चक्क मीटरपुढे गाऱ्हाणं घातलं होतं. गावाला देवळात घालतात तसंच, खणखणीत. "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो नवो करंट आमच्या घरात येता हा, तेच्या पायगुणान घरातल्या बाईच्या छातयेची इडापिडा दूर कर रे म्हाराजा." आणि काका मान हलवून, "व्हय म्हाराजा."

मला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. गाऱ्हाणं चालू असताना मधे बोलायचं नाही, मधून जायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी पिशवी खाली ठेवून हात जोडले. बाबांनी गावच्या रवळनाथापासून वाडीची राखण करणाऱ्या म्हारक्यापर्यंत एकाही देवाला सोडलं नाही. नारळ फुटला आणि मगच मी वर गेले.

दार उघडलं तर घरातली वीज गेलेली आणि आतल्या खोलीत मशीनचं पीं-पीं चाललेलं. आई खाटेच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसली होती. ओठ जांभळे. तिची सबंध पाठ वर-खाली होत होती आणि हवा कुठे जात नव्हती. वीज गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर मी ओढला, नळी बदलली, चावी फिरवली.

तिच्या ओठांना रंग यायला लागला तेव्हा मी बोर्डाकडे गेले. मेन स्विच पडला होता. बटणं बघितली तर गिझरचं चालू, इस्त्रीचं चालू, रिकाम्या वॉशिंग मशीनचं चालू, मिक्सरचं दाबलेलं, सगळे पंखे, सगळे दिवे. क्षणभर मला कळेचना. मग लक्षात आलं. गावाला वैशाखात विहीर उपसतात. जुनं पाणी काढून टाकल्याशिवाय नवा झरा चांगला लागत नाही, असं बाबा नेहमी सांगत. त्यांनी घरातला जुना करंट उपसायला काढला होता. सगळी बटणं लावून, नवा यायच्या आत जुना संपावा म्हणून, ते निश्चिंत खाली नारळ फोडायला गेले होते.

मी एकेक बटण बंद केलं, मेन वर केला आणि आईवर ओरडले. खिडकीच्या खालीच तर मीटरची खोली. काचेवर हात आपटला असतास तरी आम्ही धावत आलो असतो. ती थांबून थांबून म्हणाली, "गाऱ्हाण्यात मधी बोलाक नये. माझ्यासाठीच चल्ला हुता ना ता."

तेवढ्यात जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या. आईने माझं मनगट धरलं. एवढ्याशा हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. "तेंका सांगू नको," ती म्हणाली. "मेल्यागत व्हतला तेंका." मी घाईने नळी परत मशीनला लावली आणि सिलिंडर कोपऱ्यात सारला.

बाबा खोबऱ्याची वाटी घेऊन आत आले, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, कसा वाटता? सिलिंडरचा जोर अजून होता, रंग परतला होता. आई म्हणाली, बरा वाटता, हलका वाटता. बाबा स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा इतका खुललेला चेहरा मी पाहिला नव्हता.

मग काय, साऱ्या इमारतीत झालं. आमच्या बाईला हिरव्या करंटने गुण आला, असं बाबा भेटेल त्याला सांगत सुटले. देवगडच्या काकांनी नातवाकडून मोबाइलवर तसंच करून घेतलं. त्यांच्या समोरच्यांना दमेकरी सासू होती, त्यांनीही केलं. माझी मोठी पंचाईत. लोक करत होते ते चांगलंच होतं, पण खोट्या कारणासाठी करत होते आणि खरं कारण सांगायला माझं तोंड बांधलेलं. बाबा बाहेर गेले की आई मशीनवरचा हवेचा आकडा वाढवायला सांगायची. ते आले की पदराखाली हात घ्यायची, कारण नखं निळी दिसायची.

एकदा कंपनीकडून मोबाइलवर फोटो आले. पवनचक्क्या, खाली खोदलेले चर, त्यात साठलेलं पाणी, हातभर उंचीची रोपं. मी आईला दाखवले आणि माझा संताप बाहेर पडला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, म्हटलं. मला ही हवा इथे हवी आहे, ह्या खोलीत, तुझ्या नाकात. तिने चष्मा लावून ती रोपं नीट बघितली. "थयसर पोरांटोरां आसतली ना कोणाची," म्हणाली. "तेंका गावतली ही हवा." मला ती मोठ्या मनाची नको होती, मला ती जिवंत हवी होती.

दिवाळीनंतर थंडीने धुळीची हवा खाली बसली आणि आईचं बसणंही गेलं. आता उशांच्या ढिगाला टेकून असते. डॉक्टर घरी येऊन गेले, मला जिन्यात नेऊन बोलले. मी वर आले तर बाबा दिवाणखान्यात उभे होते. ते माझ्यावर बिथरले नाहीत की रडले नाहीत. कारखान्यात मशीन अडल्यावर विचारावं तसं त्यांनी मला विचारलं.

"कंपनीन परत जुनो करंट सोडलोहा काय?"

मी म्हटलं, नाही बाबा, तसं नसतं ते.

"मग ती अशी कित्याक करता? फोन लाव गो. इचार तेंका."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आई तिथून माझ्याकडे बघत होती. तिला मान हलवता येत नव्हती, नुसते डोळे. मी फोन लावला. मराठीसाठी एक दाबला, वाट बघितली. बाबा अगदी जवळ येऊन उभे राहिले, ऐकू यावं म्हणून. शेवटी एका मुलीने फोन घेतला आणि गोड आवाजात विचारलं, की मॅडम, आपली तक्रार काय आहे?