सकूजिजी उंबऱ्याबाहेर थांबायची

सकूजिजी दाई होती, पण बोलावलं म्हणून लगेच घरात शिरायची नाही. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी राहायची आणि पोटुशी बाईला बाहेर बोलावून विचारायची, "पोरी, मी चालते का तुले?" सासूकडे, नवऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या बायकांना हा आगाऊपणा वाटे. पण हात तिचाच हवा असे, म्हणून चालवून घेत.

आमच्याकडे ती आली ते वर्ष मोठं विचित्र. राज्यांची फेररचना होऊन आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती. तहसिलीत मी कारकून. हिंदीतून टिपणं लिहिता लिहिता मला घाम फुटायचा. त्यात घरी माझ्या बायकोला, सुमतीला, सातवा महिना. तिची थोरली बहीण जसोंडी गावी बाळंतपणातच गेलेली, घरच्या घरी. सुमती त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. नुसती जेवता जेवता थांबायची.

जिजीनं विचारलं तेव्हा सुमती पदराशी चाळा करत उभी राहिली. आईच म्हणाली, "ती कालची पोर, तिला काय विचारतेस? मी सांगते ना."

"तुमचं झालं आता, मामी. पोट तिचं आहे."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर मी चहा पिऊन जाईन. चहा तर देसान ना?"

सुमती बोलली नाही ती नाहीच. जिजी मात्र येत राहिली. तेल लावायची, पोटावर हात ठेवून गप्पा मारायची आणि निघताना पुन्हा तेच विचारायची. मी एकदा चिडून म्हणालो, "जिजी, किती वेळा विचारशील?" ती म्हणाली, "एका घरी सासूनं बोलावलं म्हणून शिरले होते, भाऊ. पोरीच्या मनात दवाखाना होता. तोंड उघडलं नाही तिनं. गेली ती." त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती तशीही लागत नव्हती.

दिवस भरले आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. जिजी आली आणि उंबऱ्याशीच थांबली. आतून सुमतीचं कण्हणं ऐकू येत होतं. आई म्हणाली, "अगं, आता तरी ये आत."

जिजीनं तिथूनच आवाज दिला. "सुमती, मी चालते का?"

कळ आली, ओसरली. मग सुमती भिंत धरत दारापर्यंत आली. सासूसमोर कधी मान वर न केलेली माझी बायको म्हणाली, "नाही, जिजी. मला दवाखान्यात न्या. ताई घरातच गेली."

आई म्हणाली, "दवाखान्यातनं चादरीत गुंडाळून आणतात गं."

"बरं झालं बोललीस," जिजी म्हणाली आणि मला टांग्यासाठी पिटाळलं. टांगा आला तसा सगळ्यांच्या आधी मीच चढून बसलो. "भाऊ, बाळंतीण तू आहे का?" मी उतरलो.

सरकारी दवाखान्यात नर्सनं जिजीला आत घेतलं नाही. ती व्हरांड्यात आईशेजारी भिंतीला टेकून बसली. तोंडावर नाही म्हटलेल्या बाईसाठी ही का बसली, हे मला कळेना. मी फेऱ्या मारत होतो, ती हलत नव्हती. तिचे ओठ मात्र कोरडे पडले होते. म्हणाली, "मले बी भेव वाटते, भाऊ. पण तू बस खाली. तुझ्यानं माझं वाढते."

उन्हं कलली आणि आतून बाळ रडलं. आई हात जोडून उठली, मी दाराकडे धावलो. जिजी जागची हलली नाही.

"जिजी, ऐकलंस ना?"

"ऐकलं. ते पोराचं. मले तिचा आवाज पायजे."

मी दाराला कान लावला. बाळ रडायचं थांबलं, पुन्हा रडलं. आत कुणाच्या तरी चपला वाजल्या, भांडं पडलं. जिजी दाराकडे टक लावून बसली होती.

मग सुमतीनं पाणी मागितलं. आवाज बारीक होता, पण तिचाच होता.

जिजीनं भिंतीचा आधार घेतला आणि सावकाश उठली.